जबाबदारी वाटून घेताना



धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी नागपूरला जाताना आपल्यापैकी बरेच जण ज्या विमानतळावर उतरतात, त्याला बाबासाहेबांचे नाव आहे. तो चालवण्यासाठी महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी आणि भारतीय विमानतळ प्राधिकरण यांनी २००९ साली एक संयुक्त कंपनी काढली. एकीचा वाटा ५१ टक्के, दुसऱ्याचा ४९. कंट्रोल टॉवर मात्र प्राधिकरणाच्याच हाती राहिला. इकडे नेदरलँड्सच्या उत्तरेला ग्रोनिंगेनजवळचा एल्दे विमानतळ दोन प्रांत आणि तीन नगरपालिका यांच्या मालकीचा आहे. त्याचा टॉवर चालवते एलव्हीएनएल, म्हणजे या देशाची हवाई वाहतूक नियंत्रण संस्था. पाच मालक आणि सहावी चालवणारी.

आमच्या युट्रेख्टला विमानतळ नाही. तरी हा विषय मला जवळचा वाटतो, कारण आयटीमध्ये आम्हीही रात्रीची ऑन-कॉल ड्युटी वाटून घेतो आणि काही बिघडले की पहिला प्रश्न येतो: त्या वेळी फोन कोणाकडे होता? हा प्रश्न सोपा आहे, म्हणूनच तो आधी विचारला जातो. धम्माच्या दृष्टीने तो पुरेसा आहे का, एवढेच मला इथे तपासायचे आहे.

या देशातलेच एक प्रकरण घेऊ. १० डिसेंबर १९९८, स्किपोल विमानतळ. हवा खराब होती, टॉवरमधून धावपट्टी दिसत नव्हती. टॉवरमध्ये ते काम तिघांत वाटलेले होते. उड्डाणाची परवानगी देणारा कंट्रोलर शिकाऊ होता. त्याला शिकवणारा त्याच वेळी टॉवरचा पर्यवेक्षकही होता. तिसरा सहायक, जो विमाने ओढून नेणाऱ्या ट्रॅक्टरशी बोलत होता. एक बोइंग ७४७ ओढून धावपट्टीपलीकडे न्यायचे होते. ते कुठून कुठे चालले आहे याबद्दल टॉवरमध्ये गैरसमज झाला. ७४७ पलीकडे गेले असे समजून शिकाऊ कंट्रोलरने डेल्टा कंपनीच्या बोइंग ७६७ ला उड्डाणाची परवानगी दिली. ते विमान वेगात धावत असताना वैमानिकांना समोर ७४७ दिसले आणि त्यांनी उड्डाण सोडून विमान थांबवले. कोणाला खरचटलेही नाही.

पुढे तिघांवर फौजदारी खटला झाला. खालच्या न्यायालयाने सहायकाला सोडले आणि इतर दोघांना दंड केला. २००२ साली वरच्या न्यायालयाने तिघांनाही दोषी धरले, पण शिक्षा कोणालाच दिली नाही. मला हा निकाल सुरुवातीला विचित्र वाटला होता. आता तो प्रामाणिक वाटतो: चूक झाली हे नाकारता येत नव्हते आणि शिक्षा कोणत्या हेतूला द्यायची हे सापडत नव्हते.

खटल्याचा खरा परिणाम न्यायालयाबाहेर झाला. कंट्रोलर लोक आपल्या चुका आणि थोडक्यात टळलेले प्रसंग संस्थेला स्वतःहून कळवत असत. खटला उभा राहिल्यावर ते कळवणे जवळपास निम्म्यावर आले. चुका काही निम्म्या झाल्या नसणार. फक्त बोलणे कमी झाले. पुढे युरोपीय संघाने २०१४ साली ३७६ क्रमांकाचा नियम केला. प्रामाणिक चूक कळवणाऱ्याला त्यासाठी शिक्षा होऊ नये, पण जाणूनबुजून केलेल्या कृत्याला आणि घोर बेपर्वाईला संरक्षण मिळू नये, असे त्याचे सूत्र आहे.

भगवान बुद्धांनी चेतनेलाच कर्म म्हटले, हे आपल्याला ठाऊक आहे. युरोपच्या नियमातली रेघ जवळपास तिथेच ओढलेली आहे. पण आपण आंबेडकरी माणसांनी इथे लगेच मान डोलावू नये. 'दोष व्यक्तीचा नाही, व्यवस्थेचा आहे' हे वाक्य आपण भारतात फार वेळा ऐकले आहे, आणि ते बहुतेक वेळा बलवानांना सोडवण्यासाठी म्हटले गेले आहे. गटारात उतरलेला सफाई कामगार गुदमरून मरतो. नगरपालिका म्हणते, काम ठेकेदाराला दिले होते. ठेकेदार उपठेकेदाराचे नाव घेतो. उपठेकेदार म्हणतो, तो स्वतःहून उतरला. २०१३ चा कायदा पुस्तकात आहेच. इथेही जबाबदारी 'वाटलेली' असते, फक्त प्रत्येक वाटणीनंतर ती थोडी कमी होते आणि मेलेल्या माणसापाशी येऊन संपते.

मग टॉवरमधली वाटणी आणि ही वाटणी यांत फरक काय? उबरलिंगेनच्या अपघातात तो दिसतो. १ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीच्या दक्षिण टोकाला एक रशियन प्रवासी विमान आणि एक मालवाहू विमान हवेत धडकले. ७१ जण गेले, त्यांत ५२ मुले होती. ते आकाश जर्मनीचे, पण त्यावर लक्ष ठेवण्याचे काम झुरिकच्या स्विस संस्थेकडे होते. रात्री दोन कंट्रोलरपैकी एकाने विश्रांतीला जायचे, अशी तिथली रूढी होती आणि वरिष्ठ ती चालू देत होते. त्या रात्री दुरुस्तीमुळे मुख्य फोन बंद होता आणि पर्यायी लाइन बिघडलेली होती. धडकेचा इशारा पडद्यावर दाखवणारी सोयही चालू नव्हती. जागा असलेला एकटा कंट्रोलर दोन पडद्यांमध्ये फिरत होता, कारण फ्रीडरिक्सहाफेनच्या छोट्या विमानतळावर एक उशिरा आलेले विमान उतरवायचे होते. तिथल्या टॉवरला तो पुन्हा पुन्हा फोन लावत होता आणि फोन लागत नव्हता. शेजारच्या कार्ल्सरूह केंद्रातल्या लोकांना धोका दिसला होता, पण त्यांचाही झुरिकला फोन लागला नाही.

२००४ साली त्या कंट्रोलरचा, बायको आणि दोन मुले गमावलेल्या एका माणसाने घरी जाऊन खून केला. त्या बापाच्या दुःखाबद्दल मी काही बोलणार नाही. पण त्याने शोधलेला माणूस तोच होता, ज्याच्याकडे त्या रात्री फोन होता. २००६ साली कॉन्स्टान्झच्या न्यायालयाने जर्मन सरकारलाच जबाबदार धरले. आकाशाचे नियंत्रण हे राज्याचे काम आहे आणि वैध कराराशिवाय ते दुसऱ्याला देता येत नाही, असा त्याचा आशय होता. २००७ साली स्वित्झर्लंडमध्ये आठ कर्मचाऱ्यांवरच्या खटल्यात चार व्यवस्थापक दोषी ठरले. म्हणजे व्यवस्थेलाही नावे असतात. एका माणसाच्या भरवशावर रात्र काढायची, हे कोणीतरी चालू दिलेले असते आणि त्यामागेही चेतना असते. निष्काळजीपणा ही मनाचीच एक अवस्था आहे. अप्पमाद आपण उगाच इतका महत्त्वाचा मानत नाही.

बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिभेद निर्मूलन'मध्ये दाखवून दिले की जात म्हणजे नुसती श्रमाची विभागणी नव्हे, ती श्रमिकांची विभागणी आहे, आणि तीही उतरंडीची. कुठलीही वाटणी तपासताना मला हेच माप उपयोगी पडते. काम वाटले आहे की माणसे वेगळी केली आहेत? सहायकाला जे खटकले ते पर्यवेक्षकाला तो त्या क्षणी सांगू शकतो का? दुरुस्ती करणाऱ्याने काय बंद केले हे खुर्चीवर बसलेल्याला कळते का? खालच्याने वरच्याला प्रश्न विचारायचा नाही, अशी जागा असेल तर तिथली जबाबदारी कागदावर कितीही नीट वाटा, ती उतरंडच. माझ्या क्षेत्रातही मी हे पाहिले आहे. सगळे एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारतात, पण ठेक्यावरच्या टेस्टरने रिलीज थांबवा म्हटले की शांतता पसरते.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये बाबासाहेब सांगतात की माणूस एकटा असेल तर त्याला धम्माची गरज नाही, दोन माणसांचा संबंध आला की ती लागते. संघाने त्यासाठी एक रीतही बसवली होती. वर्षावास संपताना पवारणेच्या दिवशी प्रत्येक भिक्खू संघाला विनंती करतो की माझ्याबद्दल काही पाहिले, ऐकले किंवा शंका आली असेल तर सांगा. ही विनंती थेरही करतात, आणि ज्येष्ठांपासूनच तिची सुरुवात होते. मला यातला क्रम फार मोलाचा वाटतो. वयाने आणि अधिकाराने मोठा आधी विचारतो, मग धाकट्याला बोलण्याची हिंमत होते. टॉवरमध्ये ही सवय असती तर १९९८ ला काय झाले असते हे कोणी सांगू शकत नाही. पण खटल्यानंतर जे बोलणे थांबले, ते अशाच सवयीने टिकले असते असे मला वाटते.

आपल्या मंडळातही कामे वाटलेली आहेत. खजिना एकाकडे, रविवारचा मुलांचा वर्ग दोघींकडे, हॉलचे बुकिंग ज्याला वेळ असेल त्याच्याकडे. येत्या आश्विन पौर्णिमेला वंदनेनंतर अर्धा तास यासाठी ठेवावा, अशी माझी सूचना आहे. सुरुवात अध्यक्षांनी करावी, नंतर कार्यकारिणीने. मुलांच्या वर्गातल्या मोठ्या मुलांनाही त्या वेळी बसू द्यावे. त्यांनी काय पाहिले आहे ते आपण अजून विचारलेले नाही.