तिखटमीठ

घरात फराळाची ताटे फिरत असतानाच हा अंक आपल्या हाती पडेल. तेव्हा स्वयंपाकघरातल्याच एका शब्दाने सुरुवात केली, तर वाचक रागावणार नाहीत. ‘तिखटमीठ लावून सांगणे’ असा एक वाक्प्रचार आपल्या भाषेत आहे. चिवड्याला तिखटमीठ कमी पडले की आपण सुगरणीला नावे ठेवतो. बातमीला ते लावलेले दिसले की सांगणाऱ्याला नावे ठेवतो. मात्र नावे ठेवण्यापूर्वी ती बातमी शेवटपर्यंत ऐकून घेतो, आणि संध्याकाळी दुसऱ्याला सांगताना आपल्याही पदरचे चिमूटभर घालतो.

बातमी चटकदार करून सांगण्यात अधर्म आहे काय, असा माझ्यापुढचा प्रश्न आहे. प्रश्न सोपा दिसतो. ‘जसे घडले तसे सांगावे’ असे म्हटले की तो मिटला, असे वाटते. पण तो तसा मिटत नाही. मी शाळामास्तर आहे. मुलांना बातमी लिहायला सांगितली, की चाळीस वह्यांत एकच बातमी येते. वृक्षारोपण ‘मोठ्या उत्साहात’ पार पडते, पाहुणे ‘मोलाचे मार्गदर्शन’ करतात आणि कार्यक्रमाची सांगता ‘टाळ्यांच्या कडकडाटात’ होते. या बातमीत खोटे काही नाही, पण ती वाचून कोणालाही काही कळत नाही. झाडे कोणती, खड्डे कोणी खणले, मागच्या वर्षी लावलेल्यांपैकी किती जगली, यातले काहीच तिच्यात नसते. कोणी वाचू नये अशी लिहिलेली बातमी ही न दिलेल्या बातमीसारखीच. तेव्हा नीरसपणा हाही एक दोषच म्हणायला हवा.

या बाबतीत मला संजयाचे मोठे कौतुक वाटते. कुरुक्षेत्राची हकीकत त्याने धृतराष्ट्राला सांगितली हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक असते. पण कशी सांगितली इकडे आपले सहसा लक्ष जात नाही. भीष्मपर्वात तो रणभूमीवरून येतो आणि आल्या आल्या सांगतो, की भीष्म पडले. मग राजा शोक करतो, प्रश्नामागून प्रश्न विचारतो, आणि त्यानंतर संजय पहिल्या दिवसापासूनची हकीकत सांगू लागतो. द्रोणांच्या आणि कर्णाच्या वेळीही तसेच. मुख्य गोष्ट आधी आणि तपशील मागून, हा आजच्या वृत्तपत्रांचा धडा त्याला तेव्हाच अवगत होता म्हणायचा! त्याच्या निवेदनात रस तर इतका, की शतकानुशतके लोक ते ऐकत आहेत. आणि ज्याचे मीठ खातो त्या आंधळ्या बापाला त्याच्याच मुलांचे मरण सांगायचे, हे काम त्याने तोंडदेखले गोड न करता केले. त्याच युद्धात दुसरीही एक बातमी दिली गेली: अश्वत्थामा मेल्याची. हत्ती खरोखरच मेला होता. म्हटले तर बातमी खरी; पण ती ऐकून द्रोणांनी शस्त्र खाली ठेवले.

मी कादंबऱ्याही लिहितो. म्हणजे खोटे सांगण्याचा परवाना बाळगून असलेला माणूस आहे. माझ्या कादंबरीतल्या म्हाताऱ्याने मरताना काय म्हणावे हे मी ठरवतो, आणि वाचकाला ते ठाऊक असते. आमच्यात तसा उघड करार आहे. वर्तमानपत्राच्या वाचकाशी झालेला करार निराळा आहे. तो चार पैसे देतो ते या विश्वासावर, की अवतरणचिन्हांत जे शब्द आहेत ते कोणाच्या तरी तोंडून खरोखर बाहेर पडले आहेत.

काही वर्षांपूर्वीची आमच्या भागातली गोष्ट सांगतो. माझ्या वर्गातल्या एका मुलाचे वडील रात्री शेतात मोटर चालू करायला गेले आणि विजेचा धक्का लागून वारले. एका वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या. दुसऱ्यात अर्धे पान आले. त्यात लिहिले होते, की घरातून निघताना त्या माणसाने झोपलेल्या मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि बायकोला म्हटले, ‘याला शेतात राबवू नकोस, मोठा साहेब कर.’ गावात ते कात्रण हातोहात फिरले. वाचून बायकांनी डोळ्यांना पदर लावले.

आठ दिवसांनी मुलगा शाळेत आला. मधल्या सुट्टीत माझ्याजवळ येऊन त्याने विचारले, “गुरुजी, बाबा तसं म्हणाले होते का? आई तर म्हणते, ती झोपली होती.”

आई झोपली होती हेच खरे होते. कोणाची झोपमोड होऊ नये म्हणून तो माणूस हळूच उठून गेला होता. त्याचे कोणाशी बोलणेच झाले नव्हते.

आता या गोष्टीची दुसरी बाजू सांगायला हवी, कारण ती लपवली तर मीही तिखटमीठच लावले असे होईल. त्या अर्ध्या पानामुळे त्या घराला मदत आली. परगावच्या लोकांनी पैसे पाठवले. एका गृहस्थांनी दोन्ही भावंडांच्या शिक्षणाचा भार उचलला. दोन ओळींच्या खऱ्या बातमीने एक रुपयाही आणला नव्हता. मग त्या बातमीदाराला दोष द्यायचा की दुवा? चांगल्यासाठी केलेल्या खोट्याचा हा प्रश्न जुना आहे, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

आपल्या वृत्तपत्रांच्या इतिहासात याची एक ठळक आठवण आहे. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ ही पत्रे १८८१ साली सुरू झाली. कोल्हापूरच्या तरुण महाराजांचा छळ होतो आहे अशी हकीकत त्यांत आली, आणि दिवाण बर्वे यांच्याविरुद्ध काही पत्रांच्या आधारे आरोप छापले गेले. ती पत्रे बनावट निघाली. आगरकर आणि टिळक तेव्हा पंचविशी-सव्विशीतले होते. चूक कळताच त्यांनी माफी मागितली. तरी खटला चालला आणि जुलै १८८२ मध्ये दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली. सुटका झाली तेव्हा डोंगरीच्या तुरुंगात त्यांचे १०१ दिवस गेले होते. त्या दिवसांवर आगरकरांनी लिहिलेले पुस्तक प्रसिद्ध आहे. त्या दोघांनी खोटे रचले नव्हते. त्यांनी खोट्यावर विश्वास ठेवला. महाराजांविषयीची त्यांची कळकळ खरी होती, आणि डिसेंबर १८८३ मध्ये अहमदनगरला एका गोऱ्या रखवालदाराशी झालेल्या झटापटीत महाराजांचा अंत झाला, तेव्हा ती अनाठायी नव्हती हेही दिसले. पण हेतू शुद्ध आणि हाती आलेला कागद खोटा, अशी जोडी जमली की शुद्ध हेतूलाही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागते.

अमेरिकेत याच्याही पुढची गोष्ट घडली. २८ सप्टेंबर १९८० रोजी ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये जॅनेट कुक या बातमीदार बाईंनी आठ वर्षांच्या एका व्यसनी मुलाची कहाणी लिहिली. शहर हळहळले. पोलिसांनी त्या मुलाचा कसून शोध घेतला. तो सापडला नाही. एप्रिल १९८१ मध्ये त्या लेखाला पुलित्झर पारितोषिक मिळाले आणि काही दिवसांतच ते परत करावे लागले, कारण असा मुलगा नव्हताच. कोणी म्हणेल, की व्यसनाने नासलेली मुले तर त्या शहरात होती ना? होती. म्हणूनच मला वाटते, की अपराध वाचकांचा झाला त्याहून त्या खऱ्या मुलांचा अधिक झाला. त्यांच्यावर खर्च व्हावयाची करुणा एका नसलेल्या मुलावर खर्च झाली, आणि पुढच्या खेपेस कोणी खरी हकीकत सांगू लागला असता, तर लोकांनी आधी त्याच्याकडे संशयाने पाहिले असते.

आमच्या गावातही वेगळे काय झाले? त्या रचलेल्या शेवटच्या शब्दांनी सगळ्यांना रडवले. पण एक साधा प्रश्न कोणालाच सुचू दिला नाही. तो माणूस रात्री दोन वाजता शेतात कशाला गेला होता? तर शेतीच्या विजेची पाळी त्या आठवड्यात रात्रीची होती म्हणून. ओल्या जमिनीत, अंधारात, साप-विंचवांतून जाऊन पेटीला हात घालणारा तो एकटाच नव्हता. त्या रात्री पंचक्रोशीत कितीतरी माणसे गेली असतील. हे अर्ध्या पानात कुठेच नव्हते. अश्रूंसाठी जागा पुरली, कारणासाठी उरली नाही.

आणि खरी हकीकत अळणी होती असेही नाही. कुत्रीमांजरी आत शिरू नयेत म्हणून तो माणूस दाराला बाहेरून कडी घालून गेला होता. सकाळी शेजारच्या वस्तीवरचा गडी बांधावर गेला, तेव्हा बॅटरी अजून जळत होती. तो धावत घराकडे आला, आणि बातमी सांगण्यासाठी त्या मेलेल्या माणसाने घातलेली कडी त्यालाच काढावी लागली. हे सगळे गावात ठाऊक होते. अर्धा तास ओट्यावर बसून विचारले असते, तर बातमीदारालाही कळले असते. मदत यानेही आली असती, असे माझे मन सांगते. पण ती आली नसती तरी माझे मत बदलणार नाही.

त्याचे कारण पुढच्या वर्षी माझ्या हाती आले. ‘माझे वडील’ या विषयावर मुलांनी निबंध लिहिले. त्या मुलाच्या वहीत ते वाक्य होते: बाबांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि ते आईला म्हणाले. वर्षभर लोकांनी त्याला तेच ऐकवले होते. आता ते त्याला आठवू लागले होते. शुद्धलेखनाच्या चुका मी तपासल्या, त्या ओळीला मात्र लाल शाई लावली नाही. बाप गेला तो गेलाच. पण त्याची जी शेवटची रात्र त्या मुलाची स्वतःची होती, तीही एका परक्या माणसाच्या लेखणीने नेली होती. मदतीचे पैसे कोणत्याही वाटेने आले असते. ही रात्र कोण परत आणून देणार?

म्हणून माझ्यापुरते उत्तर असे: बातमी चटकदार करण्यात अधर्म नाही, पण चव बाहेरून घालायची नसते, घडल्या गोष्टीतच शोधायची असते. ते कष्टाचे काम आहे. त्यासाठी दहा माणसांना विचारावे लागते, चालत जावे लागते, आणि जे सापडणार नाही ते सोडून द्यावे लागते. आणि हे केवळ बातमीदारांना सांगून भागणार नाही. आज प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे. सकाळच्या चहाच्या आत आपण चार बातम्या पुढे पाठवून मोकळे होतो. या दिवाळीत फराळाला बसल्यावर कोणाच्या तरी घरची हकीकत निघेलच. ती जरूर सांगावी, रंगवूनही सांगावी. फक्त, ज्याची ती हकीकत आहे तो माणूस दाराशी येऊन ऐकतो आहे असे मनात धरावे, आणि मग सांगावी.