पाऊस आला, पण हिशेब?

पावसानें दीर्घ ओढ द्यावी, आणि मग एके सायंकाळीं तो कोसळूं लागावा. अशा वेळीं खेड्यांतील मनुष्य दार लावून घेत नाहीं, अंगणांत येऊन उभा राहतो. हा आनंद निर्दोष आहे. परंतु त्याच्या पोटांत एक प्रश्न दडलेला असतो, तो आम्ही येथें मांडतों. कोरड्या दिवसांत शेजाऱ्याशीं आपण जसे वागलों, तें पाऊस पडला म्हणजे फिटलें काय?

मीरा-भाईंदरच्या हद्दींतील चेणे हें गांव घ्या. घोडबंदरच्या रस्त्यालगत, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरपायथ्याशीं तें वसलें आहे. तेथील नदी रानांतून उतरून वसईच्या खाडीस मिळते. ह्या पट्ट्यांत पाऊस थोडा पडतो असें कोणी म्हणणार नाहीं. तथापि भातास तो वेळेवर हवा. सन २०२३ चा ऑगस्ट महिना देशांत १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ठरला, व सप्टेंबरांत पाऊस परतला. मधले दिवस शेतकऱ्यानें कसे काढले असतील?

डोंगरउताराचीं खाचरें पायऱ्यांसारखीं असतात; वरच्याचें पाणी बांधाच्या तोंडांतून खालच्यांत उतरतें. पाऊस भरपूर असला म्हणजे वरचा शेतकरी तें तोंड स्वतःच उघडतो. ओढ लागली म्हणजे ढेकळें घालून बुजवितो. आपल्या रोपांपुरतें पाणी राखणें ह्यास आम्ही पाप म्हणणार नाहीं. त्याच्याही घरीं लेंकरें आहेत. परंतु आपल्या खाचरांत घोटाभर पाणी उभें असतां खालची जमीन भेगाळत आहे, हें पाहून जो तोंड बुजविलेलेंच ठेवितो, त्याची गोष्ट निराळी. (रात्रीं जाऊन दुसऱ्याचा बांध फोडणाराही आम्हांस ठाऊक आहे.)

मग पाऊस येतो. एका रात्रींत सारीं खाचरें भरतात, ढेकळें वाहून जातात, पुरावा उरत नाहीं. सकाळीं दोघे बांधावरून एकमेकांकडे पाहून हंसतात, आणि रविवारीं उपकारस्तुतीस एकाच बांकावर बसतात. स्वर्गींचा पिता न्यायी-अन्यायी न पाहतां पाऊस पाडितो, ही प्रभूची शिकवण कित्येकांस जणूं निर्दोषतेचा निकाल वाटते. पण पाऊस दोघांवर सारखा पडला, तरी पीक सारखें राहिलें नाहीं. फुलोऱ्याच्या वेळीं पाणी तुटलें तर मागून कितीही पाऊस येवो, पान हिरवें होतें व दाणा पोचट राहतो.

कोणी म्हणेल, जुनें उकरून गांवांत तंटा कशास वाढवावा? ह्यांत तथ्य आहे. मौन पत्करून पुष्कळ गांवें सुखानें नांदलीं आहेत. मात्र तें मौन पत्करण्याचा अधिकार ज्याचें पीक वाळलें त्याचा. ज्यानें तोंड बुजविलें त्यास तो नाहीं. त्यानें आधीं बोलावें. खालच्या खाचरांत किती भात पोचट गेलें, ह्याचा अदमास कापणीपूर्वी बांधावर उभें राहून दोघांस मिळून घेतां येतो, आणि भरपाई पेंढ्यांत करावी कीं भातांत, हेंही तेथेंच ठरतें.