सत्कार आणि कपाट

१९६२ सालापासून ५ सप्टेंबर हा डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांचा जन्मदिन आपल्या देशात शिक्षकदिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी आमच्या धर्मग्रामाच्या शाळेतही शिक्षकांचा सत्कार होतो. शाल पांघरली जाते, श्रीफळ हाती दिले जाते, विद्यार्थी स्वागतगीत गातात आणि शाळेचे व्यवस्थापक या नात्याने आम्ही चार शब्द बोलतो. ते शब्द आम्ही अनेक वर्षे निःशंक मनाने बोलत आलो. परंतु काही वर्षांपूर्वी घडलेल्या एका प्रसंगाने आमच्यापुढे एक प्रश्न उभा केला, आणि तो अद्याप आमची पाठ सोडत नाही. शिक्षकाचा सन्मान करतो म्हणजे आपण नेमके काय करतो?

प्रसंग साधाच आहे. सहावी ते आठवीच्या वर्गांना गणित शिकवणाऱ्या एक शिक्षिका दीर्घ सेवेनंतर निवृत्त झाल्या. ऋण संख्या हा या वयाच्या मुलांना अडखळायला लावणारा विषय. 'काहीच नाही' याहूनही कमी असे काही असू शकते, हे बालबुद्धीला सहजी पटत नाही. या बाईंनी त्यासाठी पुठ्ठ्याची एक विहीर तयार केली होती. पाण्याची पातळी म्हणजे शून्य, वरच्या पायऱ्या धन आणि पाण्याखालच्या पायऱ्या ऋण. कागदाचा एक बेडूक त्या पायऱ्या चढे-उतरे आणि त्याच्यासंगे मुले बेरीज-वजाबाकी शिकत. निरोपसमारंभातील आमच्या भाषणात या विहिरीचा उल्लेखही नव्हता, कारण ती आम्हांला ठाऊकच नव्हती. समारंभ मात्र थाटात पार पडला. पुढच्याच महिन्यात नव्या शिक्षकांसाठी बाईंचे कपाट रिकामे करण्यास आम्हीच सांगितले, आणि तक्ते, टाचणे, ती विहीर, सारे रद्दीत गेले. पुढे वर्गात ऋण संख्यांचा पाठ सुरू झाला, तेव्हा थोरल्या बहिणीकडून ऐकलेल्या एका मुलीने विचारले, "सर, टीचरांची विहीर कुठे आहे?" सरांनी तो प्रश्न आमच्याकडे आणला. आमच्यापाशी उत्तर नव्हते.

व्यक्तीला आम्ही व्यासपीठावर बसवले आणि तिचे कार्य रद्दीवाल्याच्या तराजूत घातले. हा केवळ निष्काळजीपणा म्हणावा, की आमच्या सन्मानाच्या कल्पनेतच काही खोट होती?

हिप्पोचे संत ऑगस्टीन यांनी ख्रिस्ती शिकवणुकीवरील आपल्या ग्रंथाच्या आरंभीच एका तत्त्वाकडे लक्ष वेधले आहे. काही गोष्टी दिल्याने उण्या होत नाहीत. अशी गोष्ट आपल्यापाशी असून आपण ती इतरांस दिली नाही, तर ती जशी बाळगायला हवी तशी आपण बाळगलीच नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. आपल्या सुभाषितकारांनीही विद्येला व्ययाने वाढणारे धन मानले आहे. शाल एकाच खांद्यावर शोभते; एक पाठ मात्र दहा वर्गांत शिकवला तरी झिजत नाही. मग शिक्षकाचा खरा सन्मान कोणता? आम्हांस वाटते, त्याने शोधून काढलेली वाट पुढच्या शिक्षकाच्या पायाखाली राहील अशी व्यवस्था करणे, हा.

हा विचार आम्ही शिक्षकांच्या बैठकीत मांडला आणि प्रत्येकाने आपली साधने सर्वांसाठी खुली करावीत असे आवाहन केले. तेव्हा एक ज्येष्ठ शिक्षिका बराच वेळ गप्प राहून म्हणाल्या, "फादर, द्यायला माझी ना नाही. पण ते माझे होते, एवढे तरी कोणी म्हणायला हवे." पूर्वीच्या एका शाळेत त्यांनी केलेले तक्ते एका सहकाऱ्याने मागून नेले, स्वतःच्या नावाने प्रदर्शनात मांडले आणि बक्षीसही घेतले. तेव्हापासून त्यांच्या कपाटाला कुलूप आहे.

आमचे आवाहन किती अपुरे होते हे त्या क्षणी उमगले. देणे हे प्रीतीचे कार्य आहे. परंतु ज्याच्याकडून घेतले त्याचे नाव घेणे हे न्यायाचे कार्य आहे, आणि न्याय चुकवून प्रीतीची अपेक्षा करता येत नाही. सत्कार आणि देवाणघेवाण या दोन वेगळ्या गोष्टी नव्हेत. नावाविना केलेली देवाणघेवाण ही चोरीच्या वाटेने जाते, आणि कार्याविना केलेला सत्कार निव्वळ उपचार ठरतो.

संत जॉन बाप्टिस्ट द ला साल (१६५१-१७१९) यांचे उदाहरण येथे आठवते. फ्रान्समधील रेम्सच्या कॅथेड्रलमधील मानाचे पद त्यांनी १६८३ साली सोडले आणि गरिबांच्या मुलांना शिकवणाऱ्या बंधूंचा संघ उभारला. शाळा कशी चालवावी याविषयीचे त्यांचे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर, १७२० साली छापले गेले. ते त्यांनी एकट्याने बसून रचलेले नव्हते. अनुभवी बंधूंशी वारंवार विचारविनिमय करून आणि वर्गात वर्षानुवर्षे पडताळून पाहून ते सिद्ध झाले होते. १९५० साली पोप बारावे पायस यांनी ज्यांना शिक्षकांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले, त्यांनी आपल्या सहकाऱ्यांचा अनुभव असा ग्रंथाच्या मोलाचा मानला होता.

यावर कोणी म्हणेल की, आयते साधन मिळाले तर शिक्षक आळशी होतील. ही भीती निराधार नाही. २०१७ साली सुरू झालेल्या 'दीक्षा' या व्यासपीठावर आज घरबसल्या पाठ मिळतात; ते केवळ पडद्यावर दाखवून तास संपवणेही शक्य आहे. परंतु आमच्या ठाणे-पालघर परिसरातच याचे उत्तर आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाड येथे बालशिक्षणाचे कार्य करताना शिंपले, बिया, पाने, खडे यांतून साधने निर्माण केली. त्यांच्याकडून घ्यायचे ते शिंपले नव्हेत, तर आपल्या अंगणात काय पडले आहे ते पाहण्याची दृष्टी. घेतलेल्या साधनात जो स्वतःची भर घालतो, त्यालाच ते खऱ्या अर्थाने मिळते.

आमचे नवे सर निवृत्त बाईंच्या घरी गेले. बाईंनी त्यांना बसवून घेऊन पुन्हा विहीर केली. सरांनी तिला रहाट आणि पोहरा जोडला. आज ती शिक्षकांच्या खोलीतील उघड्या मांडणीवर असते. मागच्या बाजूस बाईंचे नाव आहे आणि त्याखाली, काय भर घातली त्यासह, सरांचे. खाली जागा मोकळी ठेवली आहे.

ज्येष्ठ शिक्षिकेचे कपाट मात्र अजून बंद आहे. आम्ही किल्ली मागत नाही. ज्याचा विश्वास एकदा मोडला आहे, त्याच्याकडे औदार्य मागण्यापूर्वी विश्वासाचे ऋण फेडावे लागते, आणि ते पाण्याखालच्या पायऱ्यांसारखे एकेक पायरीने वर यावे लागते. येत्या ५ सप्टेंबरलाही आम्ही शाल आणि श्रीफळ देऊच. परंतु भाषणाला उभे राहण्यापूर्वी, ज्यांच्याविषयी बोलायचे त्यांच्या वर्गात एक तास मागच्या बाकावर बसून येण्याचा नेम आम्ही केला आहे. वाचकहो, आपापल्या गावच्या शाळेत सत्काराचे हार मागवण्यापूर्वी आपणही एकदा तसे बसून पाहावे.