आधी वाटा कोणाचा?

धान्यापासून इंधन करणं हा अधर्म आहे का? प्रश्न जुनाट वाटेल, पण आपल्याकडे तो अधूनमधून डोकं वर काढतोच. २००७ नंतर महाराष्ट्रात धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना सरकारनं सवलती देऊ केल्या, तेव्हा उठलेल्या विरोधात दारूचा मुद्दा होता, तसाच अन्नाच्या विटंबनेचाही होता. आता दारूच्या जागी पेट्रोल आलं आहे. २०१८च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणानं खराब धान्याबरोबरच अतिरिक्त धान्यापासूनही इथेनॉल करायला वाट मोकळी केली. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचं २०३० सालचं उद्दिष्ट २०२२ मध्ये अलीकडे ओढलं गेलं आणि २०२५ मध्ये गाठलंही गेलं. या घाईत नुसत्या उसाच्या मळीवर भागणार नव्हतं. मका लागला, तांदूळ लागला, आणि विटंबनेची जुनी शंका कितीतरी मोठ्या प्रमाणावर पुन्हा समोर आली.

तिचं सोपं उत्तर तयार असतं. तैत्तिरीय उपनिषदात भृगू तप करून सर्वांत आधी अन्नालाच ब्रह्म म्हणून ओळखतो. तेव्हा अन्न जाळणं हे पाप. पण हे उत्तर टिकत नाही, कारण तीच परंपरा होमात तूप, तीळ आणि तांदूळ घालते. दाण्यालाच पावित्र्य चिकटलेलं असतं, तर अग्निकुंडातली आहुती हे सगळ्यांत मोठं पाप ठरलं असतं. परंपरेचं लक्ष दुसरीकडे आहे. पंचमहायज्ञांच्या कल्पनेत देव, ऋषी, पितर, माणसं आणि मुकी भूतं यांचे वाटे आधी निघतात, आणि घरधन्यानं जेवायचं ते उरलेलं. गीतेचा तिसरा अध्यायही स्वतःपुरतं रांधणाऱ्यालाच दोषी ठरवतो. म्हणजे कसोटी क्रमाची आहे. इंधनाला धान्य दिलं यात दोष नाही. ज्यांचा हक्क आधीचा होता त्यांना डावलून दिलं, तर दोष आहे. वाट्यांचा हा क्रम लावणाऱ्या समाजानं पंगत कोणाची आधी बसवली आणि उष्टं कोणाच्या पदरात टाकलं, हे विसरून चालणार नाही. तत्त्व घ्यावं, पंगतीची जुनी रांग घेऊ नये. आज रांग लावायची तर पहिलं पान उपाशी माणसाचं.

या कसोटीवर ‘अतिरिक्त’ हा सरकारी शब्द तपासून पाहावा. २० एप्रिल २०२० रोजी अन्न महामंडळाकडच्या अतिरिक्त तांदळापासून सॅनिटायझरसाठी आणि पेट्रोलात मिसळण्यासाठी इथेनॉल करायला मान्यता मिळाली. त्याच आठवड्यांत टाळेबंदीमुळे मजूर महामार्गांवरून पायी गावाकडे निघाले होते. सरकारनं माणशी ५ किलो मोफत धान्य मार्चअखेरीसच जाहीर केलं होतं, हे खरं. पण परमुलखात अडकलेल्या, हाती शिधापत्रिका नसलेल्या माणसाला ते मिळत नव्हतं. त्याच्यासाठीचा आदेश निघाला तो मे महिन्यात. गोदामातला ढीग अतिरिक्त दिसत होता, कारण वाटप पुरं झालेलं नव्हतं. आधी सगळ्यांना वाढायचं आणि मग उरलं किती ते मोजायचं, हा क्रम इथे उलटा झाला होता.

यावर अर्थशास्त्रज्ञ म्हणतील की भारतातलं कुपोषण तांदळाच्या टंचाईमुळे नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) पाच वर्षांखालच्या मुलांपैकी ३५.५ टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी आढळली. त्यामागे प्रथिनांची कमतरता आहे, घाण पाणी आहे, आईचं दुबळं आरोग्य आहे. इथेनॉलचे कारखाने बंद करून एकाही मुलाची उंची वाढणार नाही. आक्षेप बरोबर आहे, पण तो नेमका मक्याकडे घेऊन जातो. आपल्याकडचा बराच मका कोंबड्यांच्या खाद्यात जातो, आणि गरिबाच्या ताटातलं सर्वांत स्वस्त, सकस प्रथिन म्हणजे अंडं. इथेनॉलकडे मका वळला, तसा एरवी मका निर्यात करणारा हा देश २०२४ मध्ये आयातदार झाला आणि कुक्कुटपालक महागलेल्या खाद्यामुळे ओरडू लागले. दुसऱ्या बाजूनं मका उत्पादकाला काही काळ हमीभावाच्या वरचा दर मिळाला, आणि त्याचा आनंद कोणी हिरावून घेऊ नये. शहरी ग्राहकाला स्वस्त मिळावं म्हणून शेतकऱ्यानं कायम पडत्या भावात विकावं, हा काही धर्म नव्हे. पण मनात आणलं तर सरकार क्रम लावू शकतं, हेही दिसलं आहे. ७ डिसेंबर २०२३ रोजी उसाच्या रसापासून इथेनॉल करायला बंदी आली, कारण पाऊस कमी झाला होता आणि साखर महागण्याची भीती होती. आठवडाभरातच ती सैल करून १७ लाख टन साखरेपुरती मुभा दिली गेली. चहातल्या साखरेचा वाटा राखता येतो, तर अंड्याचा का नाही?

मग उत्तर संशोधनात शोधलं जातं: दाणा सोडा, काडी घ्या. इथे संस्था आणि उद्योग यांनी मिळून केलेलं काम खरोखर मोठं आहे. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेतल्या केंद्रानं विकसित केलेल्या पद्धतीचा, दिवसाला १० टन कृषी अवशेष वापरणारा प्रकल्प २०१६ मध्ये काशीपूरला एका खासगी कंपनीच्या आवारात उभा राहिला. १० ऑगस्ट २०२२ रोजी पानिपतला इंडियन ऑइलचा कारखाना सुरू झाला तो पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजच्या तंत्रज्ञानावर. वर्षाला २ लाख टन भाताचा पेंढा आणि त्यातून सुमारे ३ कोटी लिटर इथेनॉल, असा हिशेब. काम किती चिवट आहे, हे काडी जवळून पाहिल्यावर कळतं. तिच्यातली साखर सेल्युलोजच्या लांब साखळ्यांत बांधलेली असते, भोवती हेमिसेल्युलोज, आणि दोन्हींना लिग्निननं घट्ट धरलेलं. वर भाताच्या पेंढ्यात सिलिका भरपूर, ती यंत्रांची पाती झिजवते. आधी वाफ आणि रसायनांच्या माऱ्यानं ही वीण सैल करायची, मग महागड्या एन्झाइमांनी साखळ्या तोडायच्या, तेव्हा कुठे यीस्टला खायला साखर मिळते. मळीत ती आयती असते.

पण काडी तरी खरंच उरलेली असते का? पंजाब-हरियाणात कम्बाइननं कापलेल्या भाताचा पेंढा शेतातच पेटवून देतात. तो कारखान्यानं उचलला तर कोणाचा घास जात नाही, उलट दिल्लीकरांच्या फुफ्फुसांवर उपकारच. सोलापूर-नगरकडच्या ज्वारीच्या कडब्याचं तसं नाही. तो बैलाचा आणि म्हशीचा वाटा आहे, आणि दुष्काळात दाण्याइतकाच मोलाचा. उसाचं पाचट जागेवर कुजवलं तर जमिनीला सेंद्रिय कर्ब मिळतो, म्हणजे तोही मातीचा वाटा झाला. एकाच नावाचा अवशेष एका जिल्ह्यात कचरा असतो आणि दुसऱ्यात वैरण. ‘टनाला किती लिटर’ हे मोजणारी प्रयोगशाळा हा फरक मोजत नाही, कारण तिला तसं कोणी विचारलेलंच नसतं. संशोधनाच्या करारावर सही करणारे दोघे, संस्था आणि कंपनी. गाय, माती आणि पेंढा देणारा शेतकरी त्या टेबलाशी नसतात. मराठी माणसाला हे उमगायला हवं, कारण प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्यानं कच्चा माल देणाऱ्यालाच भागधारक करता येतं, हे कधीच दाखवून दिलं आहे. (ऊस तोडणारा कोयता मात्र तिथेही भागधारक झाला नाही.)

इंधनासाठीच्या उसाला लागणाऱ्या पाण्याबद्दल फार लिहायची गरज नाही. इथेनॉलमिश्रित पेट्रोलच्या देशातल्या पहिल्या काही प्रयोगांपैकी एक २००१ मध्ये मिरजेला झाला. २०१६च्या एप्रिलमध्ये त्याच मिरजेहून लातूरला रेल्वेनं पिण्याचं पाणी न्यावं लागलं, आणि लातूर हा उसाचा जिल्हा आहे.

सर्वांत जड आक्षेप हवामानाचा आहे. खनिज तेल जाळत राहिलं तर अवर्षण आणि पूर आधी गरिबाचंच शेत खातात. मग थोड्या धान्याचं इंधन झालं तर काय बिघडलं? हा युक्तिवाद काडीपासूनच्या इथेनॉलच्या, बांबूच्या, सांडपाण्यातून निघणाऱ्या वायूच्या बाजूनं नक्कीच जातो. तांदळाच्या बाजूनं जात नाही, कारण बोअरवेलचं पाणी, युरिया आणि वीज खाऊन पिकलेल्या भातातून होणारी कार्बनची बचत तोकडीच राहते. २०२५ मध्ये महामंडळाचा तांदूळ इथेनॉलसाठी क्विंटलला २,२५० रुपये दरानं दिला गेला. तो खरेदी करून साठवायला सरकारला याहून बराच जास्त खर्च येतो. अन्नसुरक्षेच्या नावानं घेतलेल्या धान्यावर ही जी सूट दिली जाते, ती बंद करावी आणि तो पैसा पेंढ्याच्या संशोधनाला द्यावा. सार्वजनिक पैशातून होणाऱ्या अशा प्रत्येक करारात एक अट घालावी: एकरी किती काडी उचलली याबरोबर गोठ्यासाठी आणि मातीसाठी किती ठेवली, हेही मोजून जाहीर करायचं.