बांध सरकला की साखळी?

आमच्या घोडेगावकडे बांधावरून भांडण लागलं की एक प्रश्न हमखास निघतो : बांध सरकला, की मोजणारी साखळीच वेगळी होती? जुन्या मोजण्या ३३ फुटी लोखंडी साखळीने व्हायच्या. वापरून वापरून कड्या झिजतात, साखळी लांबते. मोजणारा कधीच वारलेला असतो. हातात उरतो फक्त नकाशा.

इथून जवळच गिरवलीच्या डोंगरावर हाच प्रश्न ताऱ्यांबद्दल पडतो. तिथे आयुकाची २ मीटर व्यासाची दुर्बीण आहे, २००६ साली सुरू झालेली. प्रकाशाचं ध्रुवीकरण मोजायचीही तिच्यात सोय आहे. ध्रुवीकरण म्हणजे प्रकाशलहरींच्या थरथरण्याला लागलेली शिस्त. पोलराइज्ड गॉगल घालून मोबाइल हळूहळू फिरवा. बऱ्याच स्क्रीन एका कोनात काळ्या पडतात, ती याचीच करामत.

श्वेत बटू म्हणजे इंधन संपलेल्या ताऱ्याचा उरलेला गाभा. आकार साधारण पृथ्वीएवढा, आणि काहींचं चुंबकत्व पृथ्वीच्या कोट्यवधी पट. कालेय तारकासमूहातल्या अशाच एका बटूच्या प्रकाशात जेम्स केम्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९७० साली वर्तुळाकार ध्रुवीकरण सापडलं. श्वेत बटूंमधलं ते पहिलं. तारा फिरला की चुंबकाची दुसरी बाजू समोर येते आणि हा आकडा बदलतो. काही बटू मिनिटांत गिरकी घेतात. काहींना दशकं लागत असावीत, कदाचित शतकंही.

म्हणजे एका निरीक्षकाचं आयुष्य पुरणार नाही. जुना आकडा आणि आजचा आकडा शेजारी ठेवायचे. फरक दिसला तर तारा वळला, की फिल्टर बदलला? की चंद्राचा विखुरलेला उजेड मिसळला? तोही ध्रुवित असतोच. म्हणून नीट मोजणारा आकड्यापुढे ‘अधिक-उणे इतकं’ असं लिहून ठेवतो. विज्ञानातलं सगळ्यात नैतिक चिन्ह मला तेच वाटतं. ते खोटं लिहिलं तर आज कुणाचंच बिघडत नाही. फसतो तो पन्नास वर्षांनी येणारा, आणि तो तर तक्रार करायलाही आज इथे नाही.

मेलेल्या ताऱ्याची गिरकी कळून कुणाचं काय भलं होणार, असं कुणी विचारेल. फारसं नाही. बांधाच्या भांडणात निदान गुंठाभर जमिनीचा लोभ तरी असतो. इथे ना लोभ, ना शिक्षेची भीती. मग खरं लिहायचं ते कुणासाठी? मला वाटतं, ज्याला आपण कधीच भेटणार नाही अशा माणसाचंही आपण देणं लागतो.

पावसाळ्यात गिरवलीवरून तारे दिसत नाहीत. त्या रात्रींचे रकाने रिकामेच ठेवावे लागतात. मागचापुढचा आकडा बघून ते अंदाजाने भरता येतील, आणि कुणाला कळणारही नाही.