कोळंब्यातली भाकर

इटलीतल्या नेपल्स शहरात एक जुनी रीत आहे. गिऱ्हाईक एक कॉफी पितं आणि पैसे दोन कॉफींचे देऊन जातं. मग केव्हातरी कोणी दारातून डोकावून विचारतो, ‘कोणाची ठेवलेली कॉफी आहे का?’ असली तर त्याला मिळते. लुचानो दे क्रेशेंझो या तिथल्याच लेखकाने २००८ साली या रीतीच्याच नावाचं पुस्तक काढलं. मला या रीतीतलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की देणाऱ्याला घेणारा दिसत नाही आणि घेणाऱ्याला आपली गरज सिद्ध करावी लागत नाही.

नगर जिल्ह्याला हे नवं नाही. शिर्डीचे साईबाबा भिक्षा मागून आणत. कोरडं अन्न झोळीत, पातळ पदार्थ टमरेलात. मशिदीत परतल्यावर सगळं एका पसरट तोंडाच्या मातीच्या भांड्यात, कोळंब्यात, ओतलं जाई. कुत्री, मांजरं, कावळे त्यातून खुशाल खात. बाबांचे चरित्रकार हेमाडपंत यांनी साईसच्चरितात आणखी एक बारीक नोंद केली आहे : मशीद झाडणारी बाई त्यातलेच दहाबारा भाकरतुकडे घरी नेई आणि तिला कोणी हटकत नसे. बाबांनी हंडीत शिजवून वाढलेल्या अन्नाच्या कथा आपण भक्तिभावाने सांगतो. या बाईचा उल्लेख मात्र वाचता वाचता निसटून जातो. तिने मागितलं नाही, कोणी दिलं नाही, तरी घरी भाकर पोचली. तिच्या घरी खाणारी तोंडं किती, हेही कोणी विचारलं नाही.

त्याच शिर्डीत आज हजारो माणसं रोज साईबाबा संस्थानाच्या प्रसादालयात जेवतात. छतावरच्या सौर तबकड्या वाफ करतात, तिच्यावर अन्न शिजतं. २०२५ च्या सुरुवातीला या मोफत जेवणावर वाद पेटला. फुकट्यांची गर्दी होते, नशा करून येणाऱ्यांचा भक्तांना त्रास होतो, अशी तक्रार होती. फेब्रुवारीपासून दर्शन घेणाऱ्यांना जेवणाचं कूपन देण्याची पद्धत आली. तक्रार खोटी होती असं मी म्हणत नाही. पंगतीत दारुडा शेजारी येऊन बसला तर लेकराबाळांसह आलेल्या बाईला घास गोड लागणार नाही. पण कूपन दारुड्याला तेवढं अडवत नाही. ते आधी अडवतं लाजऱ्या माणसाला. निर्ढावलेला कुठूनही कूपन मिळवतो.

सरकारची शिवभोजन थाळी २६ जानेवारी २०२० ला सुरू झाली, दहा रुपयांत. चांगली योजना. तिथे थाळी घेणाऱ्याचा फोटो ॲपवर चढवावा लागे. सरकारी पैशाचा हिशेब लागतो, हे मान्य. तरी भुकेल्या माणसाने जेवण्याआधी कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं, हे मला खुपतं.

खेड्यात मात्र न दिसता घेणं जमतच नाही. कोणाच्या घरात दाणा संपला, हे चौथ्या घराला ठाऊक असतं. नगर जिल्ह्यातल्याच राळेगणसिद्धीने त्यावर वेगळी वाट काढली. गावाने धान्य बँक केली. ज्याच्याकडे जास्त पिकलं त्याने द्यायचं, अडलेल्याने न्यायचं आणि सुगी झाल्यावर परत आणून घालायचं. सगळ्यांच्या देखत धान्य नेलं, तरी परतफेड असल्यामुळे नेणाऱ्याची मान खाली जात नाही. नेपल्समध्ये जे काम अनोळखीपणाने होतं, ते इथे परतफेडीने होतं.

शिर्डीत परतफेड नको, ओळखही नको. अन्नदानाची रक्कम कोणी लेकराच्या वाढदिवसाला पाठवतो, कोणी आईच्या वर्षश्राद्धाला. त्या पैशांत नेमकं कोण जेवलं, याची चौकशी तो देणगीदार करत नाही. मग संस्थानाने तरी का करावी? कूपनाची रांग खुशाल असू द्या, पण तिच्या शेजारी रोज एक बिनकुपनाची पंगत बसवा. तिथे धिंगाणा घालणाऱ्याला सुरक्षारक्षकाने जरूर उठवावं. बाकी कोणाला मात्र दर्शन झालं का, गाव कोणतं, धडधाकट असून काम का करत नाहीस, यातलं काहीही विचारू नये.