कागदावरचा डोस, शरीरातला डोस

पुण्यातल्या रुबी हॉल, बुधरानी अशा रुग्णालयांत रेडिएशनसाठी सोलापूर-साताऱ्याकडचे रुग्णही येतात. महिना-दीड महिना नातेवाइकांकडे राहायचं आणि रविवार वगैरे सोडून रोज मशीनखाली झोपायचं, असा हा उपचार. घशाच्या कर्करोगात बहुधा रोज 2 ग्रे याप्रमाणे 35 वेळा मिळून 70 ग्रे डोस देतात. तो कुठे पडावा हे संगणकावर ठरतं. कुठे पडतो हे मशीन ठरवतं. या दोहोंत अंतर राहू नये, यातच या उपचाराचा खरा कस आहे.

संगणकावरची योजना उत्तम असावी, यात वाद नाही. कानाजवळच्या लाळग्रंथीवरचा सरासरी डोस 26 ग्रेच्या आत ठेवता आला, तर पुढे तोंड कोरडं पडण्याचा त्रास कमी होतो. ज्याची लाळ आटली त्याला भाकरीचा घास पाण्याशिवाय उतरत नाही. म्हणून योजना आखणारा संगणकाकडून आणखी एक ग्रे, आणखी अर्धा ग्रे कमी करून घेत राहतो. संगणकही ऐकतो. पण त्यासाठी तो किरणांच्या वाटेतल्या धातूच्या पट्ट्या चिंचोळ्या फटींत, वेड्यावाकड्या आकारांत हलवू लागतो.

इथेच हिशेब फिरतो. फट 6 सेंटीमीटरची असेल आणि पट्टी 1 मिलिमीटर चुकली, तर फरक साठाव्या हिश्श्याचा. फट 6 मिलिमीटरची असेल, तर तीच चूक सहावा हिस्सा खाते. शिवाय इतक्या बारीक फटींतून येणाऱ्या डोसचं गणित संगणकालाही अवघड जातं. पडद्यावर वाचवलेला अर्धा ग्रे शरीरात वाचेलच, याची खात्री मग कोण देणार?

ती खात्री भौतिकतज्ज्ञ करून घेतात. रुग्णाच्या जागी टेबलावर मोजणीचं उपकरण ठेवून तीच योजना मशीनवर चालवून पाहतात. मोजलेला डोस आणि संगणकाने काढलेला डोस 3 टक्के आणि 2 मिलिमीटरच्या मर्यादेत किमान 95 टक्के बिंदूंवर जुळावा, अशी शिफारस अमेरिकेतल्या वैद्यकीय भौतिकतज्ज्ञांच्या संघटनेने 2018 मध्ये केली. तरी 95 या आकड्यावर निर्धास्त होणं बरं नाही. न जुळलेले बिंदू गाठीच्या कडेला आहेत की मज्जारज्जूवर, हे डोळ्यांनी पाहावंच लागतं. त्यात उपचार चालू असताना रुग्ण वाळतो, चेहऱ्यावरचा मास्क सैल होतो. अशा वेळी मुळात थोडी साधी असलेली योजना जास्त तग धरते.

तपासणी टाळल्याची किंमत जगाने पाहिली आहे. 2005 मध्ये न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात संगणक अडखळला आणि पट्ट्यांच्या सूचना साठवल्याच गेल्या नाहीत. पट्ट्या उघड्या राहिल्या आणि त्या रुग्णाला तीन दिवस ठरल्यापेक्षा कितीतरी पट डोस गेला. योजनेची तपासणी झाली ती त्यानंतर. तो रुग्ण 2007 मध्ये दगावला.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. दोन योजनांत फरक उन्नीस-बीसचा असेल, तर मशीनला रोज बिनचूक पार पाडता येईल तीच निवडावी. फरक मोठा असेल, तर अवघड योजना जरूर घ्यावी. मात्र तिच्या तपासणीला पुरेसा वेळ आणि पुरेशी माणसं द्यावीत. नवं मशीन घेताना रुग्णालयांनी भौतिकतज्ज्ञाच्या जागाही भराव्यात. आणि घरच्यांनी पहिल्या दिवसाआधी निःसंकोच विचारावं: आमच्या माणसाची योजना मशीनवर तपासून झाली का?